टोपीवाल्याच्या टाळ्या

१ मार्च, रविवार
लेक, जावई, नात येऊन गेले. लेकीने पुन्हा तोच विषय काढला. ही, म्हणजे तिची आई, गेल्यापासून दर रविवारी काढते. बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे चला, तुमची खोली तयार आहे. आज वर असंही म्हणाली की डब्याचं खाऊन खाऊन तुमची पार रया गेली. मी म्हणालो, मग डबा बंद! स्वतः रांधून खाईन. जावईबापू हसले. मला हसलेलं खपत नाही. तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं : बावीस तारखेला दुपारी तिघांनी इथे जेवायला यायचं. सगळं माझ्या हातचं. जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने बॅग भरीन. लेक म्हणाली, ठरलं.
मी या घरातून हलणार नाही. बघतोच.
नात तिचा हातातला गेम सोफ्यावर विसरून गेली.

२ मार्च
डबेवाल्या बाईंना फोन करून डबा बंद केला. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. उद्यापासून स्वयंपाक.
संध्याकाळी सहज नातीचा गेम सुरू केला. स्वयंपाकाचा निघाला! पडद्यावर पेनाने कांदा चिरायचा. यंत्र गोल फिरवलं की कढई ढवळली जाते. तिरकं धरलं की मीठ पडतं, आणि पुरेसं पडलं की टिंग करून घंटा वाजते. शेवटी पांढऱ्या टोपीतला एक गोलमटोल आचारी येऊन टाळ्या वाजवतो.
पहिल्याच कांद्याला पाच तारे. का नाही मिळणार? जन्मभर ड्राफ्ट्समन होतो. पुलांची, गोदामांची, पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढली. एकाही साहेबाने कधी टाळी वाजवली नाही.

४ मार्च
धोरण ठरलं. आधी थिअरी पक्की करायची, मग प्रॅक्टिकल.
सूप : पाच तारे. आमलेट : चार. टोपीवाल्याने डोळ्यांवर हात ठेवला. एवढं काही वाईट नव्हतं ते.
प्रत्यक्षात जेवण : बिस्किटं, केळी.

७ मार्च
नववी लेव्हल. चाळीस पाहुण्यांची पंगत एकट्याने उठवली. इतका दमलो की गॅसपाशी जायचं त्राण उरलं नाही. केळी खाल्ली.
लेकीचा फोन. आज काय केलंत, म्हणाली. सांगितलं : सूप, भात, भाजलेला मासा. एक अक्षर खोटं नाही. तिने दोनदा विचारलं, मासा? दबकली असावी.

१० मार्च
पट्टा सैल झालाय. चामडं वापरून ताणतं.
जिन्यात समोरच्या वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, बारीक झालात. पुरावा नसताना बोलायची सवय, दुसरं काय! मी सांगितलं की हल्ली मी स्वयंपाक करतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि संध्याकाळी अर्धा पाव आणि चीज आणून दिलं. परत करणार होतो. पण अन्नाचा अपमान नको.

१२ मार्च
आज प्रॅक्टिकल. भात आणि कांदा.
तांदूळ चढवला आणि कांदा घेऊन बसलो. पट्टी लावून तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे. एकही कमी-जास्त नाही. टोपीवाल्याने बघायला हवं होतं. वास आला तेव्हा वाटलं, शेजारी काहीतरी करपलंय. भात तळाला कोळसा, वर कच्चा.
चूक माझी नाही. गेममध्ये आपण कांदा चिरत असताना भात थांबतो. इथे शेगडीला तेवढी अक्कल नाही. एका वेळी एक काम, हा साधा नियम शेगड्या बनवणाऱ्यांना कळू नये?
शिवाय गेममधलं घाण भांडं आपोआप नाहीसं होतं. माझं अजून सिंकमध्ये भिजतंय.

१५ मार्च, रविवार
नातीची परीक्षा, म्हणून कोणी आलं नाही. तिने फोनवर विचारलं, आजोबा, माझा गेम तिकडे आहे का. म्हणालो, असेल कुठेतरी, बघतो. तो हातातच होता. मुलांनी परीक्षेच्या दिवसांत गेम खेळू नयेत.

१८ मार्च
संपला! शेवटची लेव्हल, सगळे तारे. टोपीवाल्याने स्वतःची टोपी काढून माझ्या नावावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. डोळे भरून आले. पटकन वळून हिला हाक मारणार होतो. हिने जन्मभर ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. म्हणायची, तुम्ही पसारा कराल, बाहेर बसा.
बाहेर बसूनच झालं सगळं आयुष्य.

२१ मार्च
भाजी आणली. बेत : भात आणि भाज्यांचा रस्सा. आज रंगीत तालीम करायची होती. पण आमलेटला अजून चारच तारे आहेत, हे डोक्यात ठसठसत होतं. दुपार त्यात गेली. पाच मिळाले.
तालीम उद्या सकाळी. ताजी राहते.

२२ मार्च, रविवार, सकाळी ६
चाकूला धार लावली. आज दाखवतोच एकेकाला.
गाजर, बटाटा, कांदा : सगळ्यांचे सारखे चौकोन. कोणी मायक्रोमीटर लावून बघावा. चाखत बसायची भानगड ठेवणार नाही. गेममध्येही नव्हती. पाहुण्यांआधी उष्टं कोण करतो?

दुपारी ४
जिंकलो! जिंकलो! जिंकलो!
या खेपेला भात करपला नाही, कारण नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिलो. मग रस्सा. शेवटी मीठ घालायला घेतलं. बरणी तिरकी, हात स्थिर, कान घंटेकडे. घालतोय, घालतोय, तेवढ्यात दाराची बेल वाजली. थांबलो. अगदी वेळेवर आली मंडळी.
मी वाढलं. यजमानाने मागाहून बसायचं असतं. नातीने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली. काहीतरी म्हणणार होती, पण लेकीने टेबलाखालून तिला पाय लावला. जेवताना बोलू नये, हे वळण आमच्याच घरचं. जावईबापूंनी पाण्याचा अख्खा जग संपवला. ऊन फार आहे. हसले मात्र नाहीत. लेकीने ताट पुसून संपवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईची आठवण आली असणार.
हात धुऊन ती माझ्याजवळ आली. म्हणाली, बाबा, तुमचंच खरं. तुम्ही इथेच राहा. मी पुन्हा विषय काढणार नाही.
नात गेम घेऊन गेली. नेऊ दे. मला आता त्याची गरज नाही. जरा आडवा होतो.

संध्याकाळी ७
भूक लागली. माझं ताट वाढून घेतलं.
एक घास. सिंकपर्यंत कसाबसा पोचलो.
मीठ तळाला बसलं असेल म्हणून वरवरचं पुन्हा चाखून पाहिलं. वरही तेवढंच. समुद्रात पडल्यावर नाकातोंडात जातं तसलं पाणी.
लेकीने हे ताटभर खाल्लं. पुसून खाल्लं. आणि वर म्हणाली, बाबा, तुम्ही इथेच राहा.
मग तिला फोन लावला. सांगायचं ठरवलं होतं की मीठ जरा इकडेतिकडे झालं. तोंडातून निघालं, नीट पोचलात ना. ती म्हणाली, हो, कधीच. मी घसा खाकरला. तेवढ्यात तीच म्हणाली की पुढच्या रविवारी आम्ही परत येतोय, त्याच्या पुढच्याही, आणि बाहेरून काही मागवायचं नाही, तुमच्याच हातचं हवं. मी म्हणालो, या की, त्यात काय एवढं!
फोन ठेवला.
मेलो. आता खरंच स्वयंपाक शिकावा लागणार.