पाऱ्याचं विमान आणि पंचमीचं श्राद्ध

१६ सप्टेंबर २००७

पाच जणांनी येऊन हात मिळवला! मंडळाच्या गणपतीत आज स्मरणिका वाटली आणि म्हणे सगळ्यांनी आधी माझाच लेख उघडला. 'हिटलरच्या उडत्या तबकड्या आणि सांगलीचा शास्त्री.' एक जाहिरात गळाली म्हणून संपादक अभयची दोन पानं रिकामी होती. 'नीता, काहीतरी चटकदार दे, परवा छापायला जायचंय.' दिलं.

अर्धं इंटरनेटवरचं — जर्मनांची गुप्त मंडळी, ध्यान लावून परग्रहावरचे निरोप घेणाऱ्या बायका, लढाई हरता हरता बनवलेल्या तबकड्या. हे सगळं नंतर लोकांनी रचलेलं, पुरावा शून्य, हे वाचतानाच कळलं होतं. ते लिहिलं नाही, मजा गेली असती! उरलेलं अर्धं माझ्या पदरचं. सांगलीहून म्युनिकला गेलेला तरुण शास्त्री, त्याने पोथीतून काढून दिलेलं पाऱ्यावर चालणारं विमान, ३ मार्च १९४५ ला बाँबहल्ल्यात त्याचा मृत्यू. 'कुटुंबीयांच्या विनंतीवरून नाव देत नाही.' हे वाक्य सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते.

दिलीपने विचारलं, 'खरं आहे हे?' नवऱ्यालाही नीट उत्तर दिलं नाही. हसले नुसती.

१९ सप्टेंबर

समोरच्या ब्लॉकमधून हर्षाचा फोन, तोही ऑफिसात. तिचे बाबा, निशिकांतकाका, मिरजेहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे, या परक्या देशात, आलेत. त्यांनी लेख तीनदा वाचला. 'अगं, त्यांना वाटतंय हे आजोबांचंच आहे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतात.'

पाया लेबारच्या ऑफिसातल्या त्या गारठवणाऱ्या एसीत घाम फुटला. आजोबा! हर्षानेच सांगितलं होतं मला, दोन वर्षांपूर्वी, LRT ट्रेनमध्ये उभ्या उभ्या — आजोबा संस्कृतचे शिक्षक, लढाईच्या आधी जर्मनीला गेले, परत आलेच नाहीत. मी विसरले होते. खरंच विसरले होते का? लिहिताना शास्त्री कसा आपोआप सुचला म्हणून केवढं कौतुक वाटलं होतं. सुचला कसला! उचलला.

२२ सप्टेंबर

काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात स्मरणिका, लेखावर पेन्सिलीच्या खुणा. एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्यासमोर विद्यार्थ्यासारखा बसला. वडील जर्मनीला गेले तेव्हा ते दोन वर्षांचे. शेवटचं पत्र ऑगस्ट ३९ चं. आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही की श्राद्ध करू दिलं नाही. 'गेल्याची तारीख आण, मग कर,' म्हणायची. ती गेल्यावरही यांचा हात धजला नाही.

तबकड्यांबद्दल एक प्रश्न नाही! 'विमान-बिमान राहू दे गं. तारीख कुठे मिळाली तुला?'

मी म्हणाले, 'एका जर्मन साइटवर, काका. आता बंद झालीय ती.'

पहिलं खोटं निदान कागदावर होतं. हे तोंडावर.

दारात चप्पल घालताना थांबले. 'विनंती कुठल्या कुटुंबीयांनी केली? म्हणजे... तिकडे माझं कुणी भावंड आहे का?' मी माहीत नाही म्हणाले. जाई खिडकीतून बघत होती. इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, 'मम्मी, अंकल क्राइंग लाह. व्हॉट यू से?'

२३ सप्टेंबर

उद्या सांगते. नक्की.

२७ सप्टेंबर

नाही सांगितलं. आणि आज पितृपक्ष लागला.

काकांनी मिरजेच्या गुरुजींना फोन करून तिथी काढून घेतली. ३ मार्च ४५ म्हणजे वद्य पंचमी. म्हणजे येत्या सोमवारी श्राद्ध. आयुष्यातलं पहिलं! ३ मार्च मी का लिहिलं? जाईचा वाढदिवस. पटकन आठवला म्हणून.

दिलीपला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मग सांगून टाक त्यांना. एका वाक्याचं तर काम आहे.' लिहितानाही एका वाक्याचंच होतं. दोनदा त्यांच्या लिफ्टपर्यंत जाऊन परत आले. माझी मलाच लाज वाटते.

१ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकली. हर्षा म्हणाली होती, 'तुझ्यामुळे होतंय, तू हवीसच.' दर्भ आणि काळे तीळ तिने सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेले. पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपवर मिरजेचे गुरुजी. मध्येच आवाज तुटायचा, काका हातात पाणी धरून थांबायचे, मग पुढे. वडिलांचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. 'आज पहिल्यांदा हाक मारली त्यांना,' म्हणाले. मी आत वडे तळत होते. तेल उडालं हातावर, बरं वाटलं.

मग खाली गवतावर पान ठेवलं. कावळा काही फिरकला नाही. साळुंकी आली आणि भातावर बसली. हर्षा हिरमुसली. काका मात्र हसले. 'परदेशी गेलेला माणूस. पक्षीही तिकडचाच यायचा.'

मला आग्रहाने वाढलं. खीर दोनदा घेतली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

४ ऑक्टोबर

अभयचा मेल — पुढच्या वर्षी भाग दोन देशील का! पुसून टाकला.

१० ऑक्टोबर

सांगितलं.

काका संध्याकाळी आभार मानायला आले. आता शांत झोप लागते म्हणाले. वडिलांच्या फोटोला हार घालायला मिरजेला कळवलंय. मग मला राहवेना. सगळं ओकले — गुप्त मंडळी खोटी, विमान खोटं, शास्त्री त्यांच्याच घरातून चोरलेला, तारीख माझ्या पोरीच्या वाढदिवसाची. पाय धरले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. काकांनी अगदी हळू विचारलं, 'म्हणजे नीता, मी जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं?'

'काका, ते आज पंच्याण्णव वर्षांचे असते...'

'पंच्याण्णव म्हणजे काही फार नाही.'

उठून गेले. चहा तसाच राहिला.

११ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा दिवस. हर्षाला वाटलं होतं, आज तरी काका श्राद्धाला बसतील. बसले नाहीत. 'आईचंच बरोबर होतं,' म्हणाले. आता जर्मनीला पत्र पाठवायचंय, वडिलांचा पत्ता विचारायला.

हर्षाने फोनवर एवढंच सांगितलं, कोरडं. शेवटी म्हणाली, 'ते पत्र तू लिहून द्यायचंस. बाबा म्हणतात, तिचं लिहिलेलं खरं वाटतं.'