कोरडा शिधा

मुक्काम वळ, तालुका भिवंडी
दिनांक ३ डिसेंबर १९७४

प्रिय मित्र अय्यूब,

परवा मी तुझ्या दाराशी येऊन तुला न भेटता परतलो, हे शकिलाने तुला सांगितलेच असेल. चाळीस वर्षांच्या मैत्रीत असे कधी घडले नव्हते. तू रागावला असशील आणि तो राग मला मान्य आहे. परंतु मी का परतलो, हे मी स्वतःच्या हाताने लिहून कळवणे योग्य होईल. तुला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुझी लेकच तुला वाचून दाखवील. तिला माझे सांगणे आहे की, बेटी शकिला, यातील एकही ओळ गाळू नये. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल म्हणूनही गाळू नये, आणि माझी लाज राखायची म्हणूनही नाही.

आमच्या केसरीनाथने यंदा वाहतुकीसाठी ट्रक घेतला. रिवाजाप्रमाणे त्याची पहिली फेरी कार्ल्याला, एकवीरा आईच्या दर्शनाला झाली. मी, गुणाबाई, केसरीनाथ आणि त्याची मुलगी गोदू असे चौघे गेलो. परतताना पनवेलला केसरीनाथ म्हणाला, "बाबा, खाडीवर नवा पूल झालाय. मुंबई बघून मग घरी जाऊ." मी होकार दिला. तुझ्या मागील पत्रावरचा मदनपुऱ्याचा पत्ता माझ्या खिशात होता, हे मी कोणास सांगितले नव्हते.

शीव, दादर, परळ असे करीत आम्ही निघालो. गोदूला प्रत्येक वस्तीत काहीतरी खायचे असे. परळच्या नाक्यावर बटाटेवडे झाले, भायखळ्याला इराण्याकडे बनमस्का झाला, पुढे एका कोपऱ्यावर फालुदा झाला. गिरणीच्या भोंग्याला कामगार कसे लोटतात, उंच इमारतीतून माणसे गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस कशी करतात, हे मी ट्रकमध्ये बसूनच पाहिले. मी कोठेही उतरलो नाही. घरून बांधून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट मी खाल्ली. गोदू म्हणाली, "आजोबा, तुम्ही मुंबई बघायला आलाव का ट्रक राखायला?" त्यावर गुणाबाई म्हणाली, "त्यांची रीत हाय ना संगती, ती उतरून देत न्हाय." सगळे हसले. मीही मनातून सुखावलो. चौथी इयत्ता शिकलेला मी माणूस, पण बाहेरचे अन्न खाल्ले नाही आणि रीत मोडली नाही, हा माझा अभिमान तुला ठाऊक आहे.

तुझ्याशीही मी तीच रीत पाळली. तुझ्याकडील प्रत्येक ईदेला आणि लग्नकार्याला तू माझ्या घरी कोरडा शिधा पाठवलास. तांदूळ, डाळ, गूळ, तूप, सर्व नव्या फडक्यात बांधलेले. आम्ही ते आमच्या चुलीवर रांधले आणि तुझे नाव घेऊन खाल्ले. चाळीस वर्षांत तुझ्या घरचा शिजलेला घास मी तोंडात घातला नाही. तूही कधी आग्रह केला नाहीस. यालाच मी एकमेकांचा मान राखणे म्हणत आलो.

मदनपुऱ्यात शिरताच मागांचा खटखटाट ऐकू आला आणि भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळचे तुझे चार माग आठवले. तुझ्या इमारतीखाली नळावर शकिला होती. गुणाबाईचे गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे पाहून तिने ओळखले आणि हंडा तिथेच टाकून धावत आली. किती उंच झाली रे! म्हणाली, "अब्बा शिफ्ट करून आलेत, निजलेत, उठवते." मग गोदूच्या हातातील फालुद्याचा पेला पाहून हसत तिने एक आठवण सांगितली. "लडकूकाका, तुमच्या खोपटात अम्मीने आम्हाला कच्चे तांदूळ भिजवून दिले होते. आमचा मुख्तार भुकेने रडायचा, तर ती म्हणायची, खीर आहे समज. दोन दिवस तीच खीर. वास मात्र छान होता तुमच्या तांदळाला."

तिने तक्रार केली नाही. लहानपणची गंमत सांगावी तशी सांगितली. तिला मी म्हणालो, उठवू नकोस. आणि ट्रकमध्ये जाऊन बसलो.

अय्यूब, सत्तर सालच्या त्या मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली आणि तू रुकय्याभाभी आणि मुले घेऊन शेतातून आलास, तेव्हा शेतावरच्या पेंढ्याच्या खोपटात मी तुम्हाला लपवले. चूल पेटवू नका, विडीसुद्धा ओढू नका, धूर दिसेल, असे मीच बजावले. आणि मीच तुम्हाला पायलीभर तांदूळ, डाळ आणि तूप, नव्या फडक्यात बांधून दिले. गुणाबाईने भात रांधून ठेवला होता. ती म्हणाली, "अवो, ह्यो न्या. पोरां हायेत." मी तिला दटावले की त्यांना आपल्या हातचे चालायचे नाही, रीत तुला कळत नाही. ते खोटे होते. तुम्हाला चालले असते. माझी भांडी तुमच्याकडे जातील आणि मग ती घरात घ्यावी लागतील, हे मला चालत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मुंबईला जाताना तू गाठोडे परत दिलेस. डाळ आणि तूप तसेच होते. मी समजलो, मी पुरून उरेल एवढे दिले. साडेचार वर्षे मी गावकीत हे ताठ मानेने सांगत आलो की, संकटातही लडकूने मित्राचा शिधा चुकवला नाही. तू एका शब्दाने बोलला नाहीस. उलट ईदेला तुझे गाठोडे येतच राहिले.

घरी आल्यावर मी गुणाबाईला विचारले, तुला तेव्हा कळले होते काय? ती म्हणाली, "मना तवाच कललां होता. तुमाला कोन सांगनार?"

क्षमा मागण्याची रीत मला शाळेत शिकवली नाही, म्हणून एक मागणे लिहितो. या महिन्यात ईद आहे. यंदा माझ्या घरी शिधा पाठवू नकोस. मी आणि गुणाबाई येऊ. ती या खेपेस घरून भात रांधून, माझ्याच भांड्यात आणील, आणि तो प्रथम शकिला व मुख्तार यांच्या ताटात पडेल. त्यानंतर रुकय्याभाभींनी जे शिजवले असेल ते त्यांनी मला वाढावे. त्यांना ते वाढावेसे वाटले नाही, तर मला राग नाही. मी तुझ्या दारात भरलेले भांडे ठेवून परत येईन. पण ते भांडे मी परत नेणार नाही. ते तुमच्याकडेच राहील.

तुझाच,
लडकू गोमा भोईर