रोज नव्हे, कधीकधी

१ तारीख. सकाळी ६.१०
आजपासून सिगरेट बंद. कायमची. वीस तारखेला कन्येची अग्निशमन दलाची धावण्याची चाचणी आहे आणि वयोमर्यादेमुळे हा तिचा शेवटचा चान्स. काल मैदानावरून आली ती धापा टाकत, खोकत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ७.००
एक ओढली. गच्चीवर, त्यामुळे मोजत नाही. टाकी बघायला गेलो होतो, असं खाली सांगितलं.

२ तारीख
ऑफिसात आमच्या तंबाखू सर्वेक्षणाचा कच्चा तक्ता आला. रोज ओढणारी माणसं कोण असतात, का ओढतात वगैरे. मी फॉर्म तपासणारा, म्हणजे या विषयातला जाणकार. सहज स्वतःला लावून पाहिलं. शिक्षण कमी? पदवीधर आहे. अंगमेहनत? खुर्ची. रात्रपाळी? नाही. ओढणारे मित्र? मित्रच नाहीत. पुरुष? हो, पण त्याला माझा इलाज नाही. घरातलं मोठं कोणी ओढतं? हा रकाना मला लागूच नाही, घरात मोठा मीच.
थोडक्यात, मी त्या गटात बसत नाही. या आनंदात दोन.

५ तारीख
पाकिटात सहा होत्या, चार निघाल्या. बायकोचंच काम. विचारायची सोय नाही, कारण माझ्याकडे पाकीट नाही असं ठरलेलं आहे.

८ तारीख
आज एकही नाही! महिन्यातून एक दिवस मी हे पाळतोच. म्हणजे मी 'रोज'वाला नाही, 'कधीकधी'वाला आहे. कन्येला हे दोन वर्षांपूर्वी समजावलं होतं, तिला लगेच पटलं. बायकोला अजून पटत नाही. डोकं दुखतंय.

९ तारीख
सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणाऱ्या मुलींपैकी एकीने आणलेल्या फॉर्मवर 'कधीकधी'ची खूण. का, तर तो गृहस्थ म्हणे महिन्यातून एक दिवस ओढत नाही. तिला सगळ्यांदेखत झापलं. लोक शेंड्या लावतात आणि तुम्ही लावून घेता, म्हटलं. असा माणूस 'रोज'च, वर खोटारडा. लाल पेनाने खूण बदलली. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. तीन.

१२ तारीख
सर्वेक्षणात आमचंच घर निघालं! घाम फुटला. मोठे साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. घरटी एकाचीच मुलाखत, म्हणून तिघांच्या चिठ्ठ्या टाकल्या, कन्येची निघाली. सुटलो! मुलाखत दार लावून होते, त्यामुळे आम्ही दोघं स्वयंपाकघरात. न ओढणाऱ्यांचा फॉर्म दहा मिनिटांत आटपतो. कन्येला पंचेचाळीस लागली. पोरगी लहानपणापासूनच बोलकी. बायको सारखी त्या दाराकडे बघत होती. का कुणास ठाऊक.

१५ तारीख
धावण्याची वेळ कमी व्हायची तर वाढतेच आहे. बुटांचा दोष. नवे आणले. पाकिटात पुन्हा दोन कमी. दुकानदार बदलला. चार. शेवटच्या.

१९ तारीख. दुपारी ३.००
फॉर्मवर नाव नसतं, घर क्रमांक असतो. आमचा होता.
स्त्री, चोवीस, पदवीधर. तक्त्यातलं एकही कारण लागू नाही, ते शेवटचं सोडून.
रोज ओढता का? 'कधीकधी. महिन्यातून एक दिवस अजिबात नाही.' कुठून मिळते? 'घरातच.' सोडायचा प्रयत्न केला का? 'हो, याच एक तारखेला. संध्याकाळपर्यंत.'
लाल पेन धरून अर्धा तास बसलो. मग 'रोज'वर खूण केली आणि सही केली. हे मी तिला दिलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

संध्याकाळी ६.३०
तिच्याशी बोलायचं ठरवलं. पण फॉर्म गोपनीय असतो आणि मी नियमाचा माणूस. शिवाय उद्या चाचणी, आदल्या दिवशी पोरीचं मन कशाला दुखवा? उद्या नक्की बोलतो. पाच.

२० तारीख. सकाळी ११.००
चाचणी चार सेकंदांनी हुकली.
कन्या घरी आली, बूट काढले आणि तशीच वर गेली. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडली. थोड्या वेळाने मी गच्चीवर गेलो, कन्येशी बोलायचं म्हणूनच. पाकीट खिशात होतं ते सवयीने.
ती टाकीच्या मागे उभी होती, एक हात पाठीशी धरून. टाकी बघायला आले होते, म्हणाली.
मीही त्यासाठीच आलो, म्हणालो.
मग दोघांनी झाकण उचलून टाकी बघितली. भरलेली होती.