संप्रेरक कोण?

४ फेब्रुवारी
माफी असावी. नव्या वर्षाची डायरी फेब्रुवारीत उघडतोय. पेन सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा डायरी सापडेना. लपवली असणार. घरात माणसं दोनच, मी आणि ही. मी लपवलेली नाही.
हिचं काहीतरी चाललंय. पंखा बंद, अंगात स्वेटर, खिडकीशी बसून राहते. म्हणाली, "काही करावंसंच वाटत नाही हो." हिला! लग्न झाल्यापासून हिने मला सुखाने बसू दिलेलं नाही. काल मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात फिरलो. नुसती बघत राहिली. डाऊट येतो.
संकल्प: रोज लिहायचं. सावध राहायचं.

७ फेब्रुवारी, दुपार
रोज लिहिणं जमलं नाही. हिच्यावर लक्ष ठेवायचं की लिहायचं?
आज दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना शुद्ध बोलायची भारी हौस. मी मध्ये मध्ये बोलतो म्हणून मला बाहेर बसवलं. दार नीट लागत नाही, त्याला मी काय करू? ऐकू आलं: "आजी, स्वतःला दोष देऊ नका. हुरूप नसणं, रडू येणं, सगळं संप्रेरकामुळे होतंय."
सातवीपर्यंत शिकलोय. शब्दाची फोड करता येते. प्रेरक म्हणजे फूस लावणारा. संप्रेरक म्हणजे त्यातला चांगलाच पोचलेला.
परतताना विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणे, "काही नाही, गोळी दिलीय." त्याचं नाव लपवतेय!

९ फेब्रुवारी
संशयित दोन. एक, समोरचा टेलर. ही सारखी त्याच्याकडे कपडे सैल करायला जाते. दुसरी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण. रोज फोन. मी खोलीत शिरलो की, "हो... नाही... मग सांगते."
टेलरला सरळ गाठलं. विचारलं, तो संप्रेरक तुम्हीच का? तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाला, "नाही काका, मी फक्त लेडीज शिवतो. जेन्ट्सवाला पुढच्या गल्लीत." गुन्हेगाराला इतकं सरळ बोलता येत नाही. म्हणजे मेहुणीच.

१२ फेब्रुवारी, सकाळ
पकडलं! ही उठल्या उठल्या गोळी घेते आणि चहा न घेता घड्याळाकडे बघत बसते. विचारलं, तर "अर्धा तास थांबायचं असतं." कोणासाठी? बरोब्बर तेव्हाच बहिणीचा फोन.
प्लॅन पक्का. गोळी नाही तर थांबणं नाही, थांबणं नाही तर फोन नाही. बाटली माझ्या जुन्या बुटात ठेवली. ही घरभर शोधत होती. मीही शोधू लागलो.

२० फेब्रुवारी
हिचं तोंड सुजलंय. आवाज घोगरा. जिना चढताना मध्येच बसली. नवीन बाटली आणा म्हणाली. म्हटलं, सापडेल, उगाच कशाला? आता काढून दिली तर कुठे होती ते विचारेल. योग्य वेळ बघून सापडवतो. चिडली असती तर बरं वाटलं असतं. "बरं," एवढंच म्हणाली.

२२ फेब्रुवारी
मेहुणी आली. येताच शोधाशोध. बूट तिनेच उलटा केला. "भाऊजी, पायाला थायरॉईड झालाय का तुमच्या?"
मीही सोडलं नाही. तोंडावर विचारलं, हिची संप्रेरक तूच ना? कोणी हसलं नाही. मेहुणीने हिची बॅग भरली. दारातून ही म्हणाली, "गॅस बघून बंद करत जा." गेली.

२५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, संप्रेरकाचं नाव सांगा, कंप्लेंट करतो. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग गळ्याचं चित्र दाखवलं. तिथे एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात उतरतो, त्यावर माणसाचा हुरूप, झोप, मूड सगळं चालतं. त्याला म्हणे संप्रेरक. हॉर्मोन. मग तसं म्हणा ना! हिचा रस कमी पडतो आणि गोळी तेवढी भर घालते. औषध चुकलं की तब्येत ढासळते. हे ऐकून पुन्हा पाणी घेतलं.
पण एका अर्थी बरंच झालं. माझा संशयी स्वभावही कुठल्यातरी रसाचाच प्रताप असणार. म्हटलं, माझीही टेस्ट करा. ब्लड दिलं. रिपोर्ट आला की मेहुणीच्या हातात ठेवतो. दोष रसाचा, माझा नाही. ही त्याच दिवशी परत येईल.

१ मार्च
रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. "आजोबा, वयाच्या मानाने अगदी उत्तम," म्हणाल्या. लॅबवाल्याने नावं बदलली असणार. परत बघायला लावलं. परत नॉर्मल.
हा रिपोर्ट मेहुणीला दाखवण्यासारखा नाही.
फोन केला की तीच उचलते. "झोपलीय ती." दिवसभर कोण झोपतं? थाप असेल. थाप असली तर बरं.
तू हे वाचणार नाहीस, माहीत आहे. तरी निरोप पाठव. कोणाकडूनही, तिच्याकडूनही चालेल. बरी असलीस तर कळव. बरी नसलीस तर आधी कळव.