आईचं इन्सुलिन

मंगळवार, दिवेलागणीनंतर

काल पुन्हा आईची शुगर एकदम खाली आली. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. साखरपाणी पाजल्यावर कुठे डोळे उघडले. डोस तर तोच आहे. मग इन्सुलिनचं पेन एवढ्या लवकर कसं संपतं? माझा संशय शेवंतीवर, आईजवळ दिवसभर बसायला ठेवलेल्या बाईवर. ती म्हणते, "ताई, मी पेनाला हात पण नाय लावत." खरं कसं मानू?

आज मिरजोळ्याहून, कामावरून लवकर निघाले. शेवंतीला घरी पाठवलं, आईला इंजेक्शन मीच दिलं आणि शेवंती नसताना पेनाला कोण हात लावतं ते बघायला दाराआड उभी राहिले. थोड्या वेळाने बाबाच पेन घेऊन आले.

"अगो, तुझं इंजेक्शन राहिलं."

आईने मुकाट्याने पोटावरचा पदर सारला. मी धावत जाऊन पेन हिसकावलं.

बाबा अंगणात गेल्यावर मी आईवर ओरडले, "बोलली का नाहीस?"

"हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. दिलं म्हटलं की आपण विसरलो म्हणून घाबरतात, रडतात."

पेन आता माझ्या कपाटात, कुलपात आहे. बाहेरून बाबा विचारतायत, "हिचं इंजेक्शन दिलं का कुणी?"

"दिलं, बाबा." आता तिसऱ्यांदा सांगितलं.