खालचा कप्पा

कल्याण पूर्व,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. रचना हिला मालनताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे मी बरी. गुडघा आहे तसाच आहे. डबे चालू आहेत, सध्या बावीस जातात. तुझंही बरं असेल असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण बरं नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

फोन तीनदा केला. तीनही वेळा तुमच्याकडे बाळकुमला मेथी ताजी मिळते का विचारून ठेवून दिला. मला काय करायचीय तुमची मेथी? मग म्हटलं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवावं, तर तू ते मोठ्यानं लावतेस आणि महेंद्र ऐकतो. त्याच्याआधी तुला कळायला हवं. चौथीनंतर एवढं लांब आजच लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

महेंद्र रविवारी येऊन गेला. चपातीचे तुकडे करत बसलेला, खात नव्हता. आई गेल्यापासून मी वाढवलाय त्याला, त्याचं न खाणं मला कळतं. म्हणाला, "ताई, शनिवारी डॉक्टरबाईंकडे शेवटचं विचारायला जातोय. रचना म्हणते, माझ्या शरीराला औषध लागूच पडत नाही, तर दुसऱ्या बाईचं बीज घेऊ, नाहीतर सोडून देऊ." मी म्हटलं, भाजी घे. एवढंच म्हटलं.

आता पुढचं एका दमात वाच. मध्ये थांबलीस तर मलाही थांबल्यासारखं होईल.

दिवाळीनंतर तू बीजं वाढायच्या इंजेक्शनांसाठी माझ्याकडे राहायला आलीस, दवाखाना जवळ म्हणून. दहा दिवस, रोज संध्याकाळी सातला. पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "ताई, याला तेवढा हात लावू नका." मला रागच आला. वीस वर्षं डबे करते मी, आणि कालची पोरगी मला फ्रीज शिकवणार!

पहिलं इंजेक्शन गुरुवारी झालं. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दहा वाजल्यापासून दिवसभर लाईट जाणार होती. पहाटे डबे करायला उठले, तू झोपलेलीस. म्हटलं, खाली सगळं गरम होईल, एवढं जपून आणलेलं औषध नासायला नको. मेडिकलवाल्यानं ते बर्फाच्या पिशवीतनंच दिलेलं की. आणि माझे मटार वर बर्फात सहा महिने हिरवे राहतात. म्हणून सगळी इंजेक्शनं उचलून वर फ्रीजरमध्ये ठेवली. मटार आणि सुरमईच्या मधी.

संध्याकाळी तू कामावरनं यायच्या आधी काढून बघितली, तर आतलं पाणी दगड झालेलं. ओंजळीत धरून, फुंकर मारून मारून वितळवलं. पुन्हा होतं तसं दिसायला लागलं. पाणी ते पाणी, असं मनाशी म्हटलं आणि गुपचूप खाली ठेवून दिलं.

मग रोज सातला तू पोटाची वळी चिमटीत धरायचीस, डोळे मिटायचीस, म्हणायचीस, "ताई, काहीतरी बोला ना." मी गिऱ्हाइकांचा उद्धार करायचे. त्या बँकेतल्याला बटाट्यात मीठ कमी लागतं, आमटीत जास्त लागतं, बायको करून घालत नाही ते त्याला नाही सांगता येत. तू खुदकन हसायचीस तेवढ्यात सुई आत जायची. घरात लेक असल्यासारखे गेले मला ते दहा दिवस. हेही तुला तेव्हा सांगितलं नाही.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, बीजं वाढलीच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "इंजेक्शनं नीट ठेवलेली ना? बर्फात नाही ना गेली?" तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "नाही हो, आमच्या ताईंनी जिवापाड सांभाळलीत."

मी शेजारी बसलेले. चार गल्ल्यांत ऐकू जाईल असं तोंड आहे माझं. तेव्हा उघडलं नाही.

त्याहून वाईट पुढचं. शेजारची बायजा विचारायला आली, "काय गं, जमलं का भावजयीचं?" आणि मी म्हटलं, "तिच्या शरीरातच काही नाही." तू आत बॅग भरत होतीस. नंतर चहा न पिता गेलीस. ऐकलंस तू. माझी चूक झाकायला मी ती तुझ्या पोटावर टाकली.

काल नाक्यावरच्या सहदेव मेडिकलवाल्याला विचारलं. दुसऱ्या कुणाचं आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, एकदा गोठलं की औषध कामातनं गेलं. दिसायला तसंच दिसतं." त्याच्या पायरीवरच बसले मी. त्यानं पाणी दिलं.

तुझ्या शरीराचं खरं काय ते मला कळत नाही. डॉक्टरबाई म्हणतात तसंही असेल. दुसरीचं बीज घ्यायचं तर घे, ते पोर माझ्याच मांडीवर मुतणार आहे. सोडायचं तर सोड, मला तू पुरतेस. पण ठरवशील ते खऱ्यावर ठरव गं. माझ्या फ्रीजरवर ठरवू नकोस.

शनिवारी मी दवाखान्यात येते. बाहेर बाकड्यावर बसेन. आत बोलावलंस तर माझ्या तोंडानं डॉक्टरबाईंना सांगेन. नाही बोलावलंस तर हा कागद दाखव, खाली नाव आहे माझं. महेंद्रला तू सांग, नाहीतर मी सांगते. रागावेल. रागावू दे.

उद्या डबे पोचवून झाले की हे तुमच्या वॉचमनकडे देऊन जाईन. वर येणार नाही.

खालचा कप्पा रिकामा करून पुसून ठेवलाय. दूधसुद्धा ठेवत नाही त्यात. पुन्हा राहायला ये म्हणायचा मला हक्क नाही. कप्पा आहे, एवढंच सांगते.

तू सांगेपर्यंत हात न लावणारी,
तुझी मालनताई