दारात अडलेली गेमची पेटी

चिमणे,

मोडक्या कपाटाच्या फळ्या आणि जुना टीव्ही जोडून आपण केलेली गेमची पेटी दारातून बाहेर निघत नाही. तुला सगळं मोजायला शिकवलं आणि दार मोजायचं मीच विसरलो. म्हणून सकाळी ती सुटी करून ठेवली. नव्या घरी तूच जोड. प्रत्येक बटणाला आणि त्याच्या वायरीला एकाच रंगाचे दोरे बांधलेत, ते जुळव. आई घाई करेल. तू सावकाश कर.

मी स्क्रू आणायला जातोय. घरात डबाभर आहेत, ठाऊक आहे. पण तुमच्या सामानाचा टेम्पो येईपर्यंत मला इथे बसवत नाही. तुम्ही निघायच्या आत येतो.

जोडताना अडलीस तर फोन कर. नाही अडलीस तरी कर.

आजोबा